क्लाउड साफ करायचा तर आधी काय ठेवायचं ते लिहून काढा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअरच्या पानावर अधूनमधून क्लाउड (म्हणजे मोठ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर इंटरनेटवरून भाड्यानं वापरणं) शिका, क्लाउडमध्ये नोकऱ्या आहेत असे लेख येतात, मी ते वाचतो आणि गावातल्या पोरांच्या ग्रुपवर फोटो काढून टाकतो पण. लेख चांगलेच असतात, त्यात वाद नाही. पण सर्व्हर उभा कसा करायचा, वेबसाइट चढवायची कशी, एवढ्यावर ते संपतात. उभं केलेलं नंतर काढायचं कसं हे कुठंच नसतं, ना लेखात, ना कोर्सच्या जाहिरातीत, ना कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वहीत. म्हणून हे पत्र. लांब झालंय, जागेप्रमाणे कापा, फक्त फिल्टरचा भाग तेवढा कापू नका, सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं.

मी वरुड तालुक्यात राहतो, घरी बसून बाहेरच्या एका कंपनीचं क्लाउडचं काम पाहतो. आमचा संत्र्याचा पट्टा, तुम्हाला सांगायला नको. 2020 ला केंद्राची 10,000 एफपीओंची, म्हणजे शेतकरी उत्पादक संस्थांची, योजना आली, राज्याचा स्मार्ट प्रकल्प आला, आणि गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या राहिल्या. कंपनी आली की ॲप आलंच, ॲप आलं की एजन्सी आली. आमच्या इकडच्या एका कंपनीचंही तसंच झालं. एजन्सीनं ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर, दोन खाती काढून दिली. एक चालू कामाचं, त्यात खरेदीची नोंद आणि सभासदांचे हिशेब, आणि दुसरं टेस्टिंगचं. टेस्टच्या खात्यात एजन्सीच्या पोरांनी प्रयोग केले, मग एका कॉलेजची पोरं इंटर्नशिपला आली त्यांनीही केले, कोणी जमिनीच्या ओलाव्याचे सेन्सर जोडले, कोणी फोटोवरून रोग ओळखायचं काहीतरी बनवलं, आणि करार संपल्यावर एजन्सी आपल्या रस्त्यानं गेली, पोरं पास होऊन पुण्याला गेली, मशीन, म्हणजे क्लाउडवर भाड्यानं घेतलेले कॉम्प्युटर, मात्र तशाच चालू. सचिव काकाजी मला म्हणाले, “अबे, प्रोजेक्ट तर बंद झाला ना, मंग हे पैसे काहून लागून राह्यले?”

त्यांनी त्यांच्या परीनं उपाय केला होता, बँकेत जाऊन कार्ड बंद करून आले होते. हे मी खूप ठिकाणी पाहतो. कार्ड बंद केलं म्हणजे वसुली थांबते, मीटर थांबत नाही. खात्यात जे चालू आहे त्याचं बिल बनतच राहतं, थकबाकी म्हणून उभं राहतं, वरून 18 टक्के जीएसटी. दुसरा गैरसमज असा की मशीन ‘स्टॉप’ केली की झालं. स्टॉप केल्यावर मशीनचं तासाचं भाडं थांबतं हे खरं, पण तिला जोडलेली डिस्क तिथंच असते आणि डिस्कचं भाडं चालू असतं. पब्लिक आयपी, म्हणजे मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता, घेऊन ठेवला असेल तर त्याचं वेगळं, 1 फेब्रुवारी 2024 पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही4 पत्त्याला तासाला 0.005 डॉलर लावतं, वापरात असो की नसो, म्हणजे महिन्याला एका पत्त्यामागं साडेतीन डॉलरच्या वर. नॅट गेटवे नावाचं एक प्रकरण असतं, आतल्या मशीनना इंटरनेटवर जायची वाट, पोरं यूट्यूबवरचा व्हिडिओ पाहून ते बनवतात आणि विसरतात, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया रीजनमध्ये (रीजन म्हणजे एडब्ल्यूएसच्या मशीन जिथं ठेवलेल्या असतात तो भाग) त्याचा दर तासाला 0.045 डॉलर आहे, त्यातून काही गेलं नाही आलं नाही तरी महिन्याला बत्तीस डॉलर झाले. व्हर्जिनिया मुद्दाम म्हटलं, कारण बरेच व्हिडिओ तिथलेच असतात, पोरगा वरुडात बसून अमेरिकेत मशीन चालू करतो, नंतर काढायला मुंबई रीजन उघडतो, तिथं पाटी कोरी, आणि खूश होऊन लॅपटॉप बंद करतो. कन्सोलवर, म्हणजे खातं सांभाळायच्या वेबपानावर, बहुतेक गोष्टी एका वेळी एकाच रीजनच्या दिसतात, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

तुमच्या पेपरात दर हिवाळ्यात कृषी विभागाचं आवाहन छापून येतं, फरदड घेऊ नका, पऱ्हाटी उपटून शेत मोकळं करा, नाहीतर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात जाते. 2017 नंतर आपल्याकडं हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. टेस्ट खात्यातल्या या विसरलेल्या मशीन म्हणजे फरदडच आहे, दोन बोंडं अजून येतील म्हणून उभी ठेवलेली. आणि नुसत्या बिलाचं नाही, जुनी मशीन अपडेट नसते, तिचा पासवर्ड कोणाच्या तरी जुन्या फोनमध्ये असतो, बाहेरचा कोणी आत शिरला तर तो तुमच्या खात्यावर आपल्या मशीन चालवतो.

आता उपटायचं कसं. हातानं एकेक रीजन उघडून एकेक वस्तू डिलीट करता येते, पण एकीला दुसरी अडकलेली असते, आधी हे काढा मग ते निघेल असं करत करत माणूस कंटाळतो. म्हणून कमांड लाइनवर, म्हणजे हुकूम टाइप करून, चालणारी टूल्स आहेत. त्यातलं एडब्ल्यूएससाठी जास्त चालणारं म्हणजे एडब्ल्यूएस-न्यूक. जर्मनीतल्या रीबाय नावाच्या कंपनीच्या लोकांनी ते बनवलं, फुकट आणि ओपन सोर्स आहे, त्यांचा मूळ प्रकल्प 2024 मध्ये बंद करून ठेवला गेला आणि आता काम दुसऱ्या एका डेव्हलपरकडच्या फोर्कवर, म्हणजे त्यानं पुढं चालवलेल्या प्रतीवर, चालू आहे, तिसरी आवृत्ती. पोरांनी जुन्या लेखातून जुनी आवृत्ती उतरवू नये, कॉन्फिग फाइलमधली, म्हणजे टूलला सूचना लिहून द्यायच्या फाइलमधली, काही नावं मधल्या काळात बदलली आहेत, जुनी फाइल नव्याला द्यायची तर कागदपत्रं वाचूनच द्यावी.

टूलचं नाव ऐकूनच लोक घाबरतात, आणि घाबरावंच, कारण खात्यात जे सापडेल ते सगळं काढायचं हाच त्याचा धंदा आहे. पण बनवणाऱ्यांनी अडसर पण बरेच घातले आहेत. नुसतं चालवलं तर ते काहीच काढत नाही, फक्त यादी दाखवतं, याला ड्राय-रन म्हणतात. खरंच काढायचं तर ‘नो-ड्राय-रन’ असं वेगळं लिहून द्यावं लागतं. खात्याला अलायस, म्हणजे टोपणनाव, दिलेलं नसेल तर ते चालायलाच नकार देतं. अलायस असलं तरी सुरुवातीला ते आपल्याकडून टाइप करून घेतं, आणि यादी काढून झाल्यावर, डिलीट करायच्या आधी पुन्हा एकदा टाइप करून घेतं. आणि एक गंमत, अलायसमध्ये रोमनची पी-आर-ओ-डी ही चार अक्षरं लागोपाठ आली की टूल समजतं हे प्रॉडक्शनचं म्हणजे चालू कामाचं खातं आहे, आणि थांबतं. आता शेतकरी उत्पादक कंपनीच्या इंग्रजी नावात प्रोड्युसर असतोच, त्यामुळं ज्या कोणी कंपनीचं पूर्ण नाव अलायस म्हणून ठेवलं त्यांच्याकडं हे टूल टेस्टच्या खात्यातही हलणार नाही. ही तपासणी बाजूला सारायची सोय आहे, पण मला विचाराल तर ती वापरू नये. टेस्टच्या खात्याचा अलायस बदलून तालुक्याचं नाव आणि पुढं टेस्ट असा काहीतरी ठेवावा, आयएएमच्या, म्हणजे युजर आणि परवानग्यांच्या, पानावर दोन मिनिटांचं काम आहे, आणि चालू खात्याचा अलायस आहे तसाच राहू द्यावा, तिथं तो अडला तर बरंच आहे.

मग येते कॉन्फिग फाइल. ही यामल नावाच्या साध्या लिखाणात असते, नोटपॅडमध्ये पण लिहिता येते, फक्त ओळी आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच लागतात, पोरांचा पहिला अर्धा तास यातच जातो. फाइलीत पहिलं रीजन. मुंबई म्हणजे एपी-साउथ-1, हैदराबाद म्हणजे एपी-साउथ-2, आणि ‘ग्लोबल’ हे वेगळं लिहायचं, कारण आयएएमचे युजर वगैरे कुठल्या एका रीजनमध्ये नसतात. पोरांनी व्हिडिओ पाहून काम केलं असेल तर व्हर्जिनियाचं यूएस-ईस्ट-1 टाकायलाच पाहिजे. दुसरी ब्लॉकलिस्ट, म्हणजे ज्या खात्यांना कधीच हात लावायचा नाही त्यांचे 12 आकडी नंबर. ही यादी रिकामी ठेवली तर टूल पुढंच जात नाही, निदान एक नंबर पाहिजेच. आपलं चालू कामाचं खातं इथं पहिल्या दिवशी टाकायचं, आणि नंबर अवतरणचिन्हात लिहायचा, सुरुवातीला शून्य असेल तर नाहीतर त्याचं वाचन भलतंच होऊ शकतं. तिसरं, ज्या खात्यात सफाई करायची त्याचा नंबर. फाइलीत नाही अशा खात्यावर ते चालत नाही.

आणि त्या खात्याच्या खाली फिल्टर. इथं जरा थांबून वाचा.

आपल्याला फिल्टर म्हटलं की वाटतं, जे फिल्टरमध्ये बसेल ते निघेल. इथं उलटं आहे. जे फिल्टरमध्ये बसलं ते राहतं, बाकी सगळं जातं. म्हणजे ही फाइल काय उडवायचं याची यादी नाही, काय ठेवायचं याची आहे, आणि तुम्ही लिहायला विसरलात त्याचा अर्थ ‘काढा’ असा होतो. दुसरं, फिल्टर वस्तूच्या प्रकाराप्रमाणे लागतो. मशीनला फिल्टर लावला म्हणून तिच्या डिस्कला लागत नाही, तिच्या सिक्युरिटी ग्रुपला, म्हणजे आत कोणाला येऊ द्यायचं त्या नियमांना, लागत नाही, प्रत्येकाचा प्रकार वेगळा आणि प्रत्येकाला वेगळी ओळ. एस3 मध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फाइली साठवायच्या कोठारात, तर फार जपावं लागतं. एस3 ची बकेट, म्हणजे फाइली ठेवायचा डबा, हा एक प्रकार आणि बकेटमधल्या फाइली हा दुसरा प्रकार. बकेट ठेवा म्हणून लिहिलं आणि फाइलींबद्दल काही लिहिलं नाही, तर बकेट सहीसलामत राहते आणि आतला माल जातो. म्हणून जाणकार लोक फाइलींचा प्रकारच, एस3ऑब्जेक्ट म्हणतात त्याला, रिसोर्स-टाइप्सच्या एक्सक्लूड, म्हणजे टूलनं बघायचेच नाहीत अशा प्रकारांच्या, यादीत टाकतात, मग टूल एकेक फाइल मोजत बसत नाही, ठेवलेल्या बकेटमधलं ठेवलेलं राहतं, आणि जी बकेट काढायची ती काढताना टूल तिला आपणच रिकामी करतं. वेळही वाचतो, एखाद्या बकेटमध्ये सेन्सरच्या लाखभर बारक्या फाइली असल्या तर यादी संपता संपत नाही.

फिल्टरमध्ये नाव लिहिलं आणि दुसरं काही सांगितलं नाही तर ते तंतोतंत जुळवलं जातं. म्हणून ड्राय-रनच्या यादीत जसं दिसतं तसंच्या तसं उतरवायचं, बकेटच्या आधी एस3, कोलन आणि दोन तिरप्या रेघा असतात त्या पण धरून. काही भाग जुळला तरी चालेल असं हवं असेल तर कंटेन्स, ग्लोब, रेजेक्स असे प्रकार आहेत. टॅगवरूनही, म्हणजे वस्तूला लावलेल्या चिठ्ठीवरूनही, ठेवता येतं, प्रॉपर्टीच्या जागी टॅगचं नाव आणि पुढं त्या टॅगमध्ये जे लिहिलंय ते, आणि नव्या आवृत्तीत सगळ्या प्रकारांना मिळून एकच फिल्टर पण लावता येतो, पण ज्या प्रकाराला टॅगच नसतो तिथं तो काय करणार, तिथं नावानंच लिहावं लागतं. तारखेचा पण एक फिल्टर आहे, त्याच्या नावावरून वाटतं जुनं राहील आणि नवं जाईल, तो खरं म्हणजे नवं ठेवतो, सांगून विश्वास बसणार नाही म्हणून ड्राय-रन करूनच पाहावं.

आणि ज्या युजरनं आपण हे टूल चालवतो तो युजर, त्याची ॲक्सेस की (टूलला आत जायची किल्ली) आणि त्याला जोडलेली पॉलिसी (त्याच्या परवानग्या), या तिन्हींना वेगवेगळे फिल्टर लावायचे. नाहीतर टूल साफ करता करता स्वतःला चालवणाऱ्यालाच काढून टाकतं, आणि अर्धं काम अर्ध्यावर.

हे सगळं झालं इंजिनिअरचं. मला जे सांगायचंय ते पुढं आहे. काय ठेवायचं हे इंजिनिअरला माहीत नसतं. त्याला दिसतं आय, आडवी रेघ आणि पुढं सतरा अक्षरांचा खिचडा, त्यावरून ते कोणाचं आणि कशाचं हे त्याला कुठून कळणार. ते माहीत असतं मालकाला, आणि मालक म्हणतो तुम्हीच पाहून घ्या भाऊ, आम्हाला यातलं काय समजते. तर असं करू नका. आमच्या इकडच्या कंपनीत संचालकांचं म्हणणं सरळ होतं, सगळं उडवून टाका, झंझट नको. मी ड्राय-रन केला, निघालेली यादी एक्सेलमध्ये घेतली, प्रत्येक ओळीपुढं ही काय वस्तू आहे, कधी बनली, कुठल्या रीजनमध्ये आहे ते साध्या मराठीत लिहिलं, प्रिंट काढले आणि बैठकीत वाटले. पहिले दहा मिनिटं सगळे हसत होते. “एवढं सारं आपलं हाय का?” असं एक जण म्हणाले. मग ओळी वाचायला लागले तसं बोलणं बदललं. एका बकेटच्या ओळीपुढं मी लिहिलं होतं, ओलाव्याच्या सेन्सरच्या नोंदी, आणि ती यादीत ‘काढली जाईल’ मध्येच होती. मागच्या रांगेतले एक संचालक, शिक्षण सातवी, एकदम म्हणाले, “थांबा थांबा, ते ताणाच्या टायमाचे आकडे हायेत, ते नोका उडवू.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आंबिया बहाराला डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण द्यावा लागतो, पाणी तोडायचं, आणि किती तोडायचं हे जमिनीवर ठरतं, हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. ताण कमी पडला तर फूट नुसती पानाची, जास्त झाला तर झाडच जातं. वेगवेगळ्या जमिनींत ताणाच्या दिवसांत ओलावा कसा उतरत गेला याचे आकडे त्या बकेटमध्ये होते. पोरांच्या लेखी तो प्रोजेक्ट संपलेला, माझ्या लेखी ती एक निरुपयोगी नावाची बकेट, तिचं नावच मुळी टेस्ट-2 का असं काहीतरी होतं. बागवाल्या माणसाला ओळखू आलं. ती ओळ आम्ही फिल्टरमध्ये टाकली, शिवाय आधी सगळ्या फाइली एका हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या, आणि तरीही दुसऱ्यांदा ड्राय-रन करून ती ‘फिल्टर्ड’ दाखवते का ते पाहिलं.

म्हणून माझं म्हणणं आहे की ही कॉन्फिग फाइल बैठकीत बनवावी. लिहील इंजिनिअरच, पण ठेवायच्या वस्तूंची यादी संस्थेनं करावी, तिच्यावर दोन जणांच्या सह्या असाव्या आणि इतिवृत्ताला ती जोडावी. ज्या ओळीबद्दल कोणालाच काही सांगता येत नाही ती पहिल्या फेरीत ठेवावी, तारीख घालून लिहून ठेवावी की अमुक महिन्यापर्यंत कोणी आपली म्हटली नाही तर पुढच्या फेरीत जाईल. चार डॉलर जास्त गेले तरी चालतील. बॅकअपच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, त्याही याच यादीत निघतात हे विसरू नका. ‘बॅकअप आहे ना’ म्हणून निश्चिंत राहिलात आणि टूलनं बॅकअप पण झाडून नेला असं होऊ शकतं.

खरी फेरी चालवताना फार काही करावं लागत नाही. एकीला दुसरी अडकलेली असल्यामुळं पहिल्या फेरीत काही वस्तू ‘फेल्ड’ दाखवतात, टूल पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि बऱ्याच पुढच्या फेऱ्यांत निघतात, घाबरून मध्येच बंद करू नये. मध्येच लाइन गेली, आपल्याकडं जातेच, तर पुन्हा सुरुवातीपासून चालवायचं, ते नव्यानं मोजतं आणि जे उरलं तेच दाखवतं. डेटाबेसला किंवा मशीनला डिलीशन प्रोटेक्शन लावलेलं असेल तर ती निघत नाही, ते प्रोटेक्शन टूलनंच काढावं अशी सेटिंग फाइलीत देता येते, पण कोणीतरी ते लावलं होतं म्हणजे काहीतरी कारण असेल, आधी विचारावं. केएमएसच्या, म्हणजे माहिती कुलूपबंद करायच्या, किल्ल्या लगेच जात नाहीत, एडब्ल्यूएसचा नियमच आहे की कमीत कमी 7 दिवस थांबायचं, ही चांगली गोष्ट आहे. बकेटचं नाव मात्र सोडलं की मोकळं होतं, दुसरा कोणी घेऊ शकतो, ॲपमध्ये कुठं जुनं नाव लिहिलेलं असेल तर ते आधी काढावं. आणि ‘फोर्स’ नावाचा एक पर्याय आहे, त्यानं अलायस विचारणं बंद होतं. तो ज्यांच्याकडं रोज रात्री आपोआप सफाई चालते अशा कंपन्यांसाठी आहे. गावातल्या संस्थेला कशाला हवा.

हे सगळं टेस्टच्या खात्याचं. चालू कामाच्या खात्यात हे टूल नेऊच नये, बनवणारे स्वतःच बजावून सांगतात. तिथं पसारा कमी करायचा असेल तर क्लाउड कस्टोडियन बघा. अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेत ते सुरू झालं, आता सीएनसीएफ या ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेखाली आहे, आणि एडब्ल्यूएसबरोबर मायक्रोसॉफ्टच्या अझूर आणि गूगलच्या क्लाउडलाही चालतं. त्यात पण यामलच, पण पद्धत वेगळी, उदाहरणार्थ कुठल्याच मशीनला न जोडलेली डिस्क शोध, तिला आधी नुसता टॅग लाव की इतक्या दिवसांनी निघणार, आणि तोवर कोणी टॅग काढला नाही तरच काढ. मधल्या दिवसांत माणसाला बोलायला वेळ मिळतो. मला स्वतःला ही रीत जास्त आवडते, पण तिला सांभाळायला कोणीतरी कायमचा लागतो आणि आपल्या संस्थांमध्ये तोच नसतो. ग्रंटवर्कचं क्लाउड-न्यूक पण आहे, त्यात ‘इतक्या तासांपेक्षा जुनं तेवढंच’ असं सरळ सांगता येतं, पोरांच्या प्रॅक्टिकलच्या खात्याला ते बरं पडतं.

आणि ज्या खात्यात ठेवायचं काहीच नाही तिथं टूलच्या भानगडीत पडायचंच कशाला, आतलं काढून खातंच बंद करा. एडब्ल्यूएसमध्ये बंद केल्यावर 90 दिवस ते परत उघडता येतं, नंतर कायमचं जातं. गूगलमध्ये प्रोजेक्ट बंद केला तर 30 दिवस हातात असतात. अझूरमध्ये सगळं एका रिसोर्स ग्रुपमध्ये बनवलं असेल तर ग्रुप काढला की आतलं सगळं जातं, म्हणून पोरांनी प्रत्येक प्रयोगाला वेगळा ग्रुप करावा.

कॉलेजवाल्यांना माझी विनंती आहे, नाव कोणाचंच घेत नाही कारण बहुतेक ठिकाणी हेच आहे. प्रॅक्टिकलला गुण देताना सर्व्हर चालू दाखवला की पैकीच्या पैकी देता, त्यातले निम्मे राखून ठेवा, आणि शेवटच्या दिवशी ड्राय-रनची रिकामी यादी दाखवली की ते द्या. पोरं आपल्या बापाच्या डेबिट कार्डावर खातं काढतात. 15 जुलै 2025 पासूनच्या नव्या खात्यांना एडब्ल्यूएसनं फ्री प्लॅन 6 महिन्यांचा आणि क्रेडिटवर आणला आहे, पण पोरानं मध्ये पेड प्लॅनचं बटण दाबलं तर बिल घरी येतं, आणि घरी कापसाचे पैसे अजून आलेले नसतात. बजेट अलर्ट लावायला सांगता ते ठीक आहे, पण अलर्ट हा मेल आहे, तो आपणहून काही बंद करत नाही. आणि तो मेल पोराच्या कॉलेजच्या आयडीवर येतो जो पास झाल्यावर बंद होतो.

आणि संस्थावाल्यांनी, म्हणजे उत्पादक कंपन्या, पतसंस्था, दूध सोसायट्या, एजन्सीच्या करारात दोन ओळी घालून घ्याव्या. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी एजन्सीनं टेस्ट खात्याचा ड्राय-रन काढून बैठकीत ओळन् ओळ समजावून सांगायचा, आणि संस्थेनं सही केलेली ठेवायची यादी लावून सफाई करून द्यायची. हे करारात नसलं तर नंतर फोन उचलत नाहीत, आमच्या इकडं उचलला नाही.

दुसरी ओळ त्याहून महत्त्वाची. खात्याचा रूट ई-मेल, म्हणजे खातं ज्याच्या मालकीनं उघडलं तो मुख्य ई-मेल, संस्थेच्या नावाचा पाहिजे आणि त्याचा ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन ऑफिसच्या कपाटात पाहिजे. बऱ्याच जागी तो एजन्सीच्या कुठल्यातरी पोराच्या खाजगी जीमेलवर असतो, तो पोरगा आता दुसऱ्या नोकरीत, आणि त्याच्याशिवाय ना खातं बंद होत ना मालकी बदलते. तुमच्या वाचकांपैकी जे कोणी अशा संस्थेत संचालक असतील त्यांनी टूल-बिल नंतर पाहावं, आधी सचिवांना विचारावं की तो ई-मेल कोणाचा आहे.

आपला,
एक नियमित वाचक
ता. वरुड, जि. अमरावती